पॅड भरायची वाट बघू नका: पाळीचे पाच दिवस घड्याळावर कसे सांभाळायचे

पॅड कधी बदलायचं? ‘भरल्यावर’, असं बहुतेक घरांत सांगितलं जातं आणि इथेच गडबड होते. शेवटच्या दोन दिवसांत पॅड दिवसभरातही भरत नाही, पण त्याखालची कातडी काही तासांतच ओलसर आणि मऊ पडते. ओल, ऊब आणि रक्त एकत्र आलं की जंतूंना हवं ते सगळं मिळतं. खाज, जांघेतले काचे, कुबट वास या तक्रारींना बहुतेक वेळा पॅडचा दर्जा कारणीभूत नसतो, तेच पॅड तासन्‌तास अंगाशी राहिलेलं असतं. म्हणून दिवसा दर चार ते सहा तासांनी पॅड बदलायचं, मग त्यावरचा डाग रुपयाएवढा का असेना. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं हे जमावं यासाठीच आहे.

आधी एक पॅड कापून बघा

लेकीला पहिल्यांदा पॅड दाखवणार असाल तर पाकिटातलं एक यासाठी खर्ची घाला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा आणि कात्रीनं पॅड मधोमध आडवं कापा.

सगळ्यात वर, अंगाला लागणारा पातळ थर असतो. तो दोन तऱ्हांचा मिळतो: कापडासारखा मऊ, नाहीतर बारीक भोकांची प्लॅस्टिकची जाळी. जाळीतून ओल पटकन खाली उतरते, वरचा भाग कोरडा लागतो, म्हणून जास्त अंगावरून जातं त्या दिवशी ती बरी पडते. पण उन्हाळ्यात, किंवा कातडी नाजूक असेल तर, जाळी घासून लाल चट्टे उठतात; अशा मुलींनी मऊ थराचं पॅड घ्यावं. पाकिटावर ‘कॉटन’ लिहिलं म्हणजे आत कापूस असतोच असं नाही. पुष्कळदा तोही पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचाच धागा असतो, फक्त हाताला मऊ लागतो.

त्याखाली लाकडाच्या लगद्यापासून केलेला पिंजलेला थर आणि त्यात साखरेसारखे पांढरे कण. हे कण सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे. एका तुकड्यावर दोन चमचे साधं पाणी सोडा. मिनिटभरात कण फुगून भिजलेल्या साबुदाण्यासारखे होतात आणि बोटानं दाबले तरी पाणी सोडत नाहीत. आता दुसऱ्या तुकड्यावर चांगलं खारट केलेलं पाणी सोडा. या वेळी कण फुगतात, पण बरेच कमी. रक्तातही क्षार असतात, त्यामुळे साधं पाणी जेवढं जिरतं तेवढं रक्त पॅडमध्ये जिरत नाही. जाहिरातीतलं निळं पाणी बघून अंदाज बांधू नये तो यासाठी.

काही जाडजूड, स्वस्त पॅडमध्ये हे कण नसतातच, नुसता लगदा असतो. तो पाणी पितो, पण दाबला की परत सोडतो. बाकावर किंवा एसटीच्या सीटवर बसल्याबरोबर ‘ओलं लागतं’ ते यामुळे. पॅड जाड म्हणजे जास्त टिकणारं, हे खरं नाही.

सगळ्यात खाली प्लॅस्टिकचा थर, त्यावर डिंकाची पट्टी आणि ती झाकणारा गुळगुळीत कागद. हा प्लॅस्टिकचा थर नीट बघा, कारण त्यानं एका नेहमीच्या चुकीचा उलगडा होतो. प्रवासाच्या दिवशी दोन पॅड एकावर एक लावतात. वरच्या पॅडच्या प्लॅस्टिकमधून काहीच खाली उतरत नाही. ते भरलं की रक्त कडेनं वाहून थेट कपड्यावर जातं आणि खालचं पॅड कोरडंच राहतं. दोन लावण्यापेक्षा एक लांब पॅड लावा आणि दुसरं पिशवीत ठेवा.

आता थोडा हिशेब. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे पोह्याचे दोन-तीन मोठे चमचे. बरोबरचा इतर स्राव वेगळा. ८० मिलिलिटरच्या पुढे गेलं तर ते जास्त मानतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ५४०५ या मानकात एका पॅडनं ३० मिलिलिटर द्रव खालून किंवा कडेनं न गळता शोषायला हवा, अशी चाचणी आहे. म्हणजे चांगलं पॅड शोषायला पुष्कळ शोषतं. पाकिटावरचा ‘१२ तास’ हा दावा गळतीपुरता आहे. कातडी १२ तास ओल सोसत नाही.

किती घ्यायची, कोणती घ्यायची

पहिले दोन दिवस चार-चार तासांनी बदललं तर दिवसाची चार आणि रात्रीचं एक, अशी पाच-पाच लागतात. पुढचे तीन दिवस दिवसाची तीन आणि रात्रीचं एक. बेरीज बावीस. आठची दोन पाकिटं आणली तर सहा कमी पडतात, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘आता फारसं जात नाही’ म्हणत तेच पॅड सकाळपासून रात्रीपर्यंत चालवलं जातं. खाज सुटते ती बरोबर त्याच दिवसांत. म्हणून महिन्याच्या किराण्यात पॅड लिहिताना पाकिटं मोजू नका, पॅड मोजा.

पैशाची ओढाताण असेल तर महागड्या पाकिटातलं एक पॅड दिवसभर वापरण्यापेक्षा साधी पॅड वेळेवर बदलणं केव्हाही चांगलं. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक या दरानं ठेवलेलं आहे. या दरानं पाचही दिवसांचा खर्च पंचवीस रुपयांच्या आत बसतो. पॅडवरचा जीएसटीही जुलै २०१८ मध्ये रद्द झाला, तेव्हा बिलात तो लावलेला दिसला तर विचारा.

लांबी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. २३० ते २४० चं दिवसा, कमी जाताना पुरतं. २८० चं पहिल्या दोन दिवसांसाठी. ३२० किंवा त्याहून लांब, मागे रुंद होत गेलेलं, रात्रीसाठी. दहा-अकरा वर्षांच्या बारीक मुलीला ३२० दिवसा देऊ नका. ते पुढे-मागे चुरगळतं आणि त्या घड्या जांघेला कापतात. सुगंधी पॅड घेऊच नका. त्यातल्या अत्तरानं आग आणि खाज होऊ शकते, आणि वास बदलला तर तो लक्षातही येत नाही. पाकीट घेताना शिवण उसवलेली नाही, आत ओल शिरलेली नाही आणि तारीख उलटलेली नाही हे बघा. कोकणात पावसाळ्यात पाकीट न्हाणीघरात ठेवलं तर कागदी वेष्टणाला चक्क बुरशी येते. पॅड कपाटात, झाकणाच्या डब्यात ठेवा.

लावायचं कसं

पॅडचा निम्मा भरवसा चड्डीवर असतो. ती सुती, अंगाला नीट बसणारी हवी. इलॅस्टिक सैल झालं असेल तर कितीही चांगलं पॅड सरकतं. साडीखाली चड्डी न घालणाऱ्या बायकांनी निदान या पाच दिवसांसाठी तीन-चार ठेवाव्यात; परकराच्या नाडीला अडकवलेलं पॅड शेतात वाकताना जागेवर राहत नाही.

१. आधी हात धुवा. सगळे पॅड काढल्यावर धुतात, लावण्याआधी धुवायचं विसरतात. जंतू तर हातावरूनच पॅडवर जातात.

२. चड्डी गुडघ्यापर्यंत घ्या. पॅडच्या मागचा लांब कागद काढा. पंख असतील तर त्यांचा कागद आत्ता काढू नका, नाहीतर ते एकमेकांना चिकटतात.

३. चिकट बाजू चड्डीकडे, मऊ बाजू अंगाकडे. पहिल्यांदा लावताना काही मुली उलटं लावतात आणि लाजेनं सांगत नाहीत, म्हणून एकदा समोर करून दाखवा. पॅडचा मधला भाग चड्डीच्या दोन पायांमधल्या सगळ्यात अरुंद पट्टीवर यायला हवा. रात्रीचं पॅड असेल तर रुंद टोक मागे.

४. मधून टोकांकडे तळव्यानं दाबत जा. मग पंखांचा कागद काढा, पंख चड्डीच्या कडेवरून खाली दुमडा आणि खालून चिकटवा.

५. चड्डी वर ओढून दोन पावलं चाला. टोचत असेल तर पंख वर राहिला आहे, नाहीतर घडी पडली आहे. तसंच दामटून जाऊ नका, नीट करा.

डिंक धरत नसेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा चड्डीत असतं. जांघेत खोबरेल तेल लावलं आणि ते कापडाला लागलं, किंवा चड्डी अर्धवट ओली होती, की पॅड तासाभरात गोळा होतं. तेल लावायचं तर रात्री लावा, सकाळी पुसून मग पॅड लावा.

बदलण्याच्या वेळा

उठल्यावर, आंघोळीला, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. या वेळा जेवणासारख्या ठरवून टाका. साडेदहा ते पाचची शाळा असेल तर निघताना ताजं पॅड लावायचं, मधल्या सुट्टीत बदलायचं आणि घरी आल्या आल्या पुन्हा. मधल्या सुट्टीतलं बदलणं चुकलं की सात-साडेसात तास होतात. दप्तरात एक लहान कापडी पिशवी असू द्या: दोन पॅड, एक चड्डी, वर्तमानपत्राचे दोन तुकडे, साबणाची चकती. शाळेतल्या मोरीचं दार लागत नाही, नळाला पाणी नाही, म्हणून मुली पॅड बदलत नाहीत आणि लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीही पीत नाहीत. दिवसभर पाणी न पिणं आणि लघवी तुंबवणं यानं लघवीची जळजळ लागते. ही गोष्ट पालकसभेत मोठ्यानं बोलायला हवी: कडी, बादली आणि झाकणाची कचराकुंडी. एवढ्या तीन वस्तूंसाठी मोठा निधी लागत नाही.

लांबच्या एसटी प्रवासात मोठ्या स्थानकावर गाडी किती वेळ थांबणार ते कंडक्टरला आधीच विचारा आणि तिथेच बदला, गरज वाटो न वाटो. रात्री लांब पॅड आठ तास चालतं, पण झोपण्याच्या अगदी आधी लावलेलं हवं. आठ वाजता लावून सकाळी सातला काढलं तर अकरा तास झाले.

स्वच्छतेला फार काही लागत नाही. बाहेरच्या बाजूनं साधं पाणी, पुढून मागे हात. योनीच्या आत साबण, डेटॉल, लिंबू, ‘वॉश’ काहीही घालू नका. आतली आम्लता हीच तिथली राखण आहे आणि साबणानं ती मोडते. पाणी कमी असेल तर एक तांब्या पुरतो, पण त्यानंतर मऊ कोरड्या कपड्यानं टिपून घ्या. ओल्या अंगावर नवं पॅड लावलं तर बदलण्याचा निम्मा फायदा गेला. डाग पडलेली चड्डी लगेच गार पाण्यात भिजवा. गरम पाण्यानं रक्तातली प्रथिनं घट्ट होऊन डाग धाग्यात बसतो. मग साबण लावून धुवा आणि उन्हात वाळवा. टॉवेलखाली लपवून, सावलीत, आंबट ओलसर राहिलेली चड्डी घालण्यानं जांघेत बुरशी येते, आणि ती नायट्यासारखी महिनोन्‌महिने छळते. दोरीवर उन्हात वाळणाऱ्या चड्डीची कोणाला लाज वाटायचं कारण नाही.

बिघाड कुठे होतो

मागून डाग पडत असेल तर पॅड फार पुढे लागलंय किंवा रात्रीसाठी तोकडं आहे. फक्त एका कडेनं गळत असेल तर त्या बाजूचा पंख सुटला आहे किंवा चड्डी सैल आहे. मधला भाग भिजलेला आणि दोन्ही टोकं कोरडी असताना गळलं तर पॅड गोळा झालं होतं, म्हणजे डिंक धरला नाही.

काचा पडला असेल तर एक-दोन दिवस वरचा थर दुसऱ्या तऱ्हेचा असलेलं पॅड वापरून बघा, बदलण्याचं अंतर तीन-चार तासांवर आणा, रात्री सैल सुती कपडे घाला. पावडर टाकू नका. ती घामात मिसळून गोळे होतात आणि आणखी घासतं. आठ दिवसांत बरं झालं नाही, किंवा कडा उठलेले गोल चट्टे दिसले, तर दुकानातून मनानं मलम आणू नका, दवाखान्यात दाखवा. स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांनी बुरशी तात्पुरती दबते आणि मग पसरते.

थोडा लोखंडासारखा वास येणं स्वाभाविक आहे. रक्त बाहेर आल्यावर हवा आणि जंतू लागून वास वाढत जातो, म्हणून वास हाही घड्याळाचाच निरोप. वेळेवर बदलूनही सडल्यासारखा किंवा मासळीसारखा वास येत राहिला तर तो संसर्ग असू शकतो.

वापरलेलं पॅड: धुवायचं नाही, गुंडाळायचं

कितीतरी घरांत पॅड टाकण्याआधी धुतात. रक्त कोणाला दिसू नये, साप ओलांडेल, मूल होणार नाही अशी भीती त्यामागे असते. यातल्या एकाही गोष्टीला आधार नाही. मघाचा साबुदाणा आठवा: पॅड धुतलं की आतले कण आणखी पाणी पिऊन फुगतात, थर फाटतो आणि तो चिकट लगदा मोरीच्या जाळीत बसतो. धुतलेलं पॅड जड होतं, गळत राहतं, आणि धुताना रक्त हाताला लागतं ते वेगळंच. संडासात टाकलं तर ते खालच्या वळणात जाऊन फुगतं आणि भांडं तुंबतं. मग ते कोणाला तरी हातानं काढावं लागतं.

योग्य रीत सोपी आहे. पॅड काढताना पुढच्या टोकाकडून मागे, रक्ताची बाजू आत ठेवून घट्ट गुंडाळत या. नव्या पॅडच्या वेष्टणात ते ठेवा, त्याच्याच डिंकाच्या कागदानं बंद करा. वरून वर्तमानपत्राचा तुकडा. कागदावर लाल पेनानं ठळक ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं हा लाल ठिपका लोकांना शिकवला. कचरा वेगळा करणाऱ्या बाईला पुडकं न उघडताच कळतं की आत काय आहे. घरोघरच्या कचऱ्यात रोज हात घालणाऱ्या बाईसाठी तो ठिपका फार मोलाचा आहे. काळ्या पिशवीत दडवलेलं पॅड तिला उघडून बघावं लागतं.

२०१६ च्या घनकचरा नियमांत पॅड वेगळं गुंडाळून सुक्या, न कुजणाऱ्या कचऱ्यात द्यावं आणि कंपनीनं त्यासाठी पाकिटासोबत पिशवी द्यावी असं घातलं गेलं. तुमच्या घंटागाडीत अशा कचऱ्याला वेगळा कप्पा असेल तर त्यात द्या. नसेल तर सुक्यात. ओल्या कचऱ्यात कधीच नाही, कारण ओल्याचं खत होतं आणि पॅडमधल्या प्लॅस्टिकचं होत नाही.

चुलीत किंवा शेकोटीत जाळू नका. ओलं पॅड नीट जळत नाही, धुमसतं, आणि प्लॅस्टिकचा विषारी धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्याच छातीत जातो. जिथे घंटागाडीच येत नाही तिथे विहीर, बोअर आणि ओढ्यापासून दूर, निदान मीटरभर खोल, झाकणाचा खड्डा करून त्यात टाकणं आणि वर माती लोटणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. ते वर्षानुवर्षं कुजणार नाही हे लक्षात घेऊन जागा निवडा. अशा गावात स्वच्छ, उन्हात कडक वाळवलेला सुती कपडा वापरणं मागासलेपणाचं नाही. पाणी आणि ऊन दोन्ही पुरेसं असेल तर तो पॅडइतकाच चांगला.

डॉक्टरांकडे कधी

तासाला एक पॅड भिजून जातंय आणि असं सलग दोन-तीन तास चाललंय, तर त्याच दिवशी जा. दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांच्या पुढे जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसत असेल, पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, किंवा सुरू झालेली पाळी गरोदर नसताना तीन महिने चुकली असेल, तर या पाळीत ना पुढच्या, असं ढकलत बसू नका. पाळीत ताप आणि ओटीपोटात कळा एकत्र आल्या तर लगेच. जास्त रक्त जाणाऱ्या बाईनं हिमोग्लोबिन तपासून घ्यावंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं, तेव्हा ‘मला काय होतंय’ असं समजायला जागा नाही.

अंगावर पांढरं जातं आणि खाज आहे, या तक्रारीवर बहुतेक वेळा गोळ्या आणि औषधांनी उपचार होतो. त्यासाठी कोणी थेट गर्भपिशवी काढायला सांगितलं तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. फडात बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पाळीत खाडा केला तर मजुरी कापली जाते. अशा जागी सुरू झालेल्या साध्या दुखण्यांचाही शेवट ऑपरेशनच्या टेबलावर झाला.

दवाखान्यात जाताना ‘खूप जातं’ एवढंच सांगू नका. कॅलेंडरवर पाळीच्या प्रत्येक दिवशी बारीक आकडा लिहून ठेवा: किती पॅड लागली, त्यांतली पूर्ण भिजलेली किती, गाठ पडली असेल तर तिचा आकार केवढा. तीन महिन्यांचं असं कॅलेंडर पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.